जड जिभेचा माणूस आणि आमच्या गावचं चर्च

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार आणि जय ख्रिस्त.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका ताईंचं छोटंसं पत्र आलं होतं, सात-आठ ओळींचंच असेल. त्यांच्या गावातल्या चर्चला कायमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाहीत, मंडळी त्यांना म्हणते तुम्ही रविवारची उपासना घेत जा, आणि त्या म्हणतात की माझं शिक्षण नाही, चारचौघांत मला बोलता येत नाही, माझ्यासारखीनं देवाच्या कामात हात घातला तर देवाचाच अपमान होईल असं वाटतं, तर मी हो म्हणू का नको. ते पत्र मी तीनदा वाचलं आणि कात्रीनं कापून माझ्या बायबलमध्ये ठेवलं, कारण त्यातला शब्द न् शब्द मी स्वतः तीन वर्षं बोलत होते. म्हणून हे उत्तर लिहिते आहे. ताईंचं नाव पेपरात नव्हतं, त्यामुळं तुमच्या पेपरमधूनच त्यांना सांगावं लागतंय, पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव राहुरी तालुक्यात, मुळेच्या कॅनॉलच्या कडेला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण बोलताना तोंडात अजून नगरच येतं. आमची ख्रिस्ती वस्ती तीस-पस्तीस घरांची, बहुतेक सगळे ऊसतोड, कांदालावणी, गवंडीकाम असं करणारे, दोन-चार जण नोकरीत. मी सातवीपर्यंत शिकले, नंतर लग्न झालं, आता घरी शिलाई मशीन आहे, ब्लाऊज आणि शाळेचे ड्रेस शिवते. चर्च जुनं, आजोबांच्या काळातलं. पाळक साहेबांकडं आमच्यासकट पाच गावं आहेत, एक माणूस आणि एक मोटारसायकल, तर ते आमच्याकडं महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजनासाठी येतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं) आणि बाप्तिस्मा हे दीक्षा घेतलेल्या पाळकांनीच द्यायचं असतं, पण बाकीच्या रविवारी प्रार्थना, गायन, शास्त्रवाचन आणि चार शब्द बोधाचे, हे मंडळीतलं कुणीही घेऊ शकतं. घेऊ शकतं, पण घेणार कोण, तिथंच सगळं अडतं. आधी एक रिटायर्ड गुरुजी घ्यायचे, ते वारले, मग तीन-चार महिने तर नुसती गाणी म्हणून लोक घरी जात होते.

पाळक साहेबांनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी हसले, वाटलं माणूस थट्टा करतोय. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, ताई, हे पाचारण असेल, प्रार्थना करून बघा. पाचारण हा आमच्याकडचा शब्द, म्हणजे देवाचं बोलावणं. तो शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण मला वाटायचं पाचारण शिकलेल्या, पवित्र, देवमाणसांना होतं, त्यांना स्वप्नं पडतात, आवाज येतात, मला तर आयुष्यात कधी कसला आवाज आला नाही. शिवाय माझी खरी अडचण वेगळी होती आणि ती मी कुणाला सांगत नव्हते. मला वाचता येतं, पण हळू. जोडाक्षर आलं की थांबते. आणि आपलं पवित्र शास्त्र तर जोडाक्षरांनी भरलेलं, त्यात परक्या देशातली नावं, नबुखद्नेस्सर म्हणायचं म्हटलं तरी घाम फुटतो. सगळ्या मंडळीसमोर, ज्यांची पोरं कॉलेजात शिकतात त्यांच्यासमोर, बोट ठेवून ठेवून वाचायचं, या विचारानंच मला रात्री झोप येईना. मी साहेबांना सांगितलं मशीनचं काम फार आहे. मग सांगितलं सासूबाई आजारी असतात. मग सांगितलं बायकांनी पुढं उभं राहिलेलं काही लोकांना चालणार नाही. सगळी कारणं खरी होती, पण खरं कारण त्यातलं एकही नव्हतं.

मग त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतले एक म्हातारबाबा गेले. शेळ्या राखायचे, सत्तरीच्या पुढचे. पहाटे गेले, मुलगा पुण्याला कंपनीत, तो दुपारपर्यंत आला. पाळक साहेबांना फोन केला तर त्यांना डेंग्यू होऊन ते नगरला दवाखान्यात ॲडमिट, सलाईन चालू. शेजारच्या गावच्या पाळकांचा फोन लागेना. पाऊस तर असा की ओढा भरत चाललेला आणि आमची दफनभूमी ओढ्याच्या पलीकडं, अजून दोन तास थांबलो असतो तर मयत न्यायला रस्ताच राहिला नसता. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. आणि म्हातारबाबांची सून, माझ्याहून लहान, ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ताई तुम्ही वाचा ना, आमच्या दादांना असंच कसं मातीत घालायचं.

मी नाही म्हणू शकले नाही. मला धीर आला म्हणून नाही हो, धीर अजिबात आला नव्हता, पाय लटपटत होते. पण तिच्या तोंडाकडं बघून नाही म्हणणं त्याहून अवघड होतं.

खड्ड्याच्या कडेला चिखलात उभं राहून मी तेविसावं स्तोत्र काढलं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." पानं ओली होऊन एकमेकांना चिकटलेली. म्हातारबाबांचा नातू, आठवी-नववीतला असेल, तो माझ्या शेजारी छत्री धरून उभा, स्वतः भिजत होता पण छत्री पुस्तकावर धरलेली. मी वाचत गेले आणि त्या ओळीवर आले, मृत्युच्छायेच्या दरीतून. आता बघा, केवढा शब्द आहे तो. मी 'मृत्यु'पर्यंत आले आणि अडकले. परत सुरुवात केली, परत अडकले. सगळे गप्प, नुसता पाऊस. तेव्हा त्या पोरानं माझ्याकडं न बघता, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हटलं, "च्छायेच्या". मी म्हटलं मृत्युच्छायेच्या, आणि पुढं वाचत गेले, आणि काय झालं कुणास ठाऊक, शेवटच्या ओळीपर्यंत मग कुठंच थांबले नाही. जन्मभर शेळ्या राखलेल्या माणसाला मेंढपाळाचं स्तोत्र वाचून आम्ही मातीत ठेवलं. प्रार्थना मी केली ती चार वाक्यांची असेल, काय बोलले आता आठवत नाही. परत येताना कुणीही माझ्या वाचण्याबद्दल चांगलं-वाईट काही बोललं नाही. फक्त सून म्हणाली, ताई उद्या संध्याकाळी घरी प्रार्थनेला येताल का?

ताई, पाचारण म्हणजे काय हे मला त्या 'येताल का'मध्ये कळलं. आकाश फाटलं नाही, कुठला आवाज आला नाही. समोर एका माणसाची गरज उभी होती, ती भागवायला दुसरं कुणी नव्हतं, आणि मला येत होतं तेवढं थोडंसं होतं. योहानाच्या शुभवर्तमानात पोराकडच्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट आहे, तिथं अंद्रिया नावाचा शिष्य येशूला म्हणतो की एवढ्या लोकांना त्या कशा पुरणार. त्याचा हिशोब बरोबरच होता, पुरणार नव्हत्याच. त्या पोरानं काय केलं, होतं तेवढं देऊन टाकलं, पुरवायचं काम त्याचं नव्हतंच.

आता पुढचं सांगते, कारण एकदा हो म्हटलं की सगळं सोपं होतं असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर ते खरं नाही. दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा रविवारची उपासना घेतली. आठवडाभर तयारी केली होती, वहीच्या चार पानांवर लिहून काढलं होतं, भाकरी थापताना म्हणत होते, मशीनवर म्हणत होते. आणि उभी राहिल्यावर वहीतलं एक अक्षर दिसेना. दिसत होतं, पण डोक्यात शिरेना. किती वेळ गप्प उभी होते माहीत नाही, मला तर तास झाल्यासारखं वाटलं, लहान पोरं चुळबुळायला लागली. तेव्हा मागच्या चटईवरून एका म्हाताऱ्या आत्यांनी भजन धरलं, त्यांना अक्षरओळख पण नाही, पण रेव्हरंड तिलकांची, म्हणजे कवी ना. वा. टिळकांची, भजनं सगळी पाठ, त्यांच्यामागं बायकांनी धरलं, मग पुरुषांनी, कुणीतरी डफ उचलला, आणि ते भजन संपेपर्यंत माझा श्वास जागेवर आला होता. मग मी वही बंद केली आणि जे मनात होतं ते पाच-सात मिनिटं बोलले. उपासना झाल्यावर एक जाणते गृहस्थ दारात म्हणाले की हे शिकल्यासवरल्या माणसांचं काम आहे, देवाचं वचन म्हणजे खेळ नाही. मी घरी येऊन खूप रडले. त्यांचं बोलणं लागलं ते यासाठी की मला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

त्या रात्री मी बायबलमधलं निर्गमचं पुस्तक काढून बसले, तिसरा आणि चौथा अध्याय. मोशेची गोष्ट लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलेली, जळतं झुडूप, पायातलं पायतण काढ, सगळं माहीत होतं. पण मी हळू वाचते, एकेका ओळीवर थांबते, त्यामुळं असेल, त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की मोशे किती वेळा नाही म्हणालाय. सासऱ्याची मेंढरं चारणारा माणूस, देव त्याला म्हणतो गुलामीतल्या आपल्या लोकांना सोडवायला मिसरच्या राजाकडं, फारोकडं जा, तर तो म्हणतो मी कोण जाणारा? मग म्हणतो लोकांनी विचारलं तुझ्या देवाचं नाव काय तर काय सांगू? मग म्हणतो ते माझ्यावर विश्वासच ठेवणार नाहीत. मग म्हणतो मी बोलका नाही, जड जिभेचा आहे. आणि सगळी कारणं संपल्यावर शेवटी जे खरं ते बोलतो, की प्रभू, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. मशीनचं काम, सासूबाईंचं आजारपण, आणि मग शेवटी ते. मला वाटलं कुणीतरी माझंच लिहून ठेवलंय.

पण माझ्या डोळ्यात पाणी आलं ते त्याच्या पुढच्या ओळींना. मला नेहमी वाटायचं देवानं मोशेची जीभ मोकळी केली आणि मग पाठवला. तसं तिथं नाहीये! परत परत वाचलं. जीभ बरी केली असं त्या गोष्टीत कुठंच लिहिलेलं नाही, उलट पुढं सहाव्या अध्यायात मोशे परत तेच म्हणतोय की मला नीट बोलता येत नाही, फारो माझं कसं ऐकेल. देव म्हणतो मी तुझ्या मुखाबरोबर असेन, आणि शेवटी रागावतो सुद्धा, पण त्या रागातही तो काय करतो, भावाला पाठवतो. अहरोन येतोय तुला भेटायला, तो तुझ्यासाठी बोलेल. म्हणजे कमतरता तशीच ठेवली आणि शेजारी माणूस दिला. पुढं सतराव्या अध्यायात अमालेकांशी लढाई चालू असते, मोशेनं हात वर धरले की इस्राएल, म्हणजे त्याचे लोक, जिंकतो, हात खाली आले की हरतो, आणि त्याचे हात भरून येतात. तिथंही देव त्याच्या दंडात एकदम ताकद घालत नाही. अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात आणि एकेका बाजूनं एकेक हात धरून ठेवतात, सूर्य मावळेपर्यंत. छत्री धरलेलं ते पोरगं आणि भजन धरणाऱ्या आमच्या आत्या मला तिथं दिसल्या.

प्रेषित पौलाचंही तसंच. शरीरातला काटा काढ म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली, काटा काही निघाला नाही, उत्तर मिळालं ते एवढंच, माझी कृपा तुला पुरे आहे.

आणि हे फक्त शास्त्रातल्या जुन्या माणसांचं नाहीये, आपल्या महाराष्ट्रातच बघा. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टरकी शिकायचं मनात धरून, पण कानांनी दगा दिला, ऐकू कमी यायला लागलं आणि ते शिक्षण राहूनच गेलं. दुसऱ्या कुणी असतं तर म्हटलं असतं, देवानं दारच बंद केलं. रमाबाईंचं ऐकू येणं काही परत आलं नाही, पण 1889 मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी त्यांचं शारदा सदन निघालं, पुढं दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुलीबाळींना त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती या आपल्या आश्रमात आणलं, आणि आयुष्याच्या शेवटच्या कितीतरी वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून पूर्ण बायबल सोप्या मराठीत केलं, माझ्यासारख्या कमी शिकलेल्या बाईला कळावं म्हणून. त्याची छपाई मुक्तीतल्याच बायकांनी केली, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम सुद्धा त्यांनीच केलं. 1922 ला रमाबाई गेल्या आणि ते बायबल पूर्ण छापून आलं 1924 ला. मी जेव्हा विचार करते की ज्यांना समाजानं टाकलं त्या बायकांच्या बोटांनी एकेक अक्षर उचलून देवाचं वचन जुळवलं, तेव्हा माझं जोडाक्षराला अडणं मला एवढं मोठं वाटत नाही.

रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक तर आमच्या जवळच्याच, टिळक कुटुंब काही वर्षं राहुरीत राहिलेलं आहे. (आम्ही रेव्हरंड तिलक म्हणतो, शाळेच्या पुस्तकात टिळक असतं.) लक्ष्मीबाई कुठल्या शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरं नवऱ्यानं शिकवली ती लग्नानंतर. 1895 ला तिलकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा यांच्यावर आकाश कोसळलं, काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःला पटल्यावर, कुणाच्या सांगण्यावरून नाही. 1919 ला तिलक गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन, येशूच्या जीवनावरचं काव्य, अर्धवट पडलेलं, अर्धवट म्हणजे थोडेच अध्याय झालेले. एवढा मोठा कवी, ज्याची कविता आपण सगळे शाळेत शिकलो, त्याचं काव्य कोण पुढं नेणार? ते नेलं लक्ष्मीबाईंनी, साठाच्या वर अध्याय लिहिले. मी साहित्यातली माणूस नाही, त्या अध्यायांची पारख मला नाही. पण नवरा गेलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई रात्री कंदिलाजवळ बसून पहिली ओवी लिहायला घेते तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल, ते मला बरोबर कळतं. मी कोण, हेच आलं असेल.

हे सगळं एका बाजूला. आता ज्या मंडळ्या, पंच कमिट्या, पाळक साहेब हे पत्र वाचत असतील त्यांना हात जोडून एक सांगायचंय, आणि खरं तर यासाठीच मी पेपरला लिहायला बसले. आपल्याकडं एखाद्याला पुढं ढकलायचं आणि म्हणायचं, तुम्ही उभे राहा, देव बघून घेईल. देव बघून घेतोच. पण देवानं मोशेला नुसतं पाठवलं नाही, अहरोन दिला. तुम्ही कुणाला कामावर बोलावता आणि त्याच्याबरोबर कुणालाच देत नाही, तर अर्धंच काम करता. मी एका ताईंना ओळखते, दुसऱ्या तालुक्यातल्या, त्यांना असंच उभं केलं, पहिल्या चुकीला लोक हसले, कुणी जवळ गेलं नाही, आज त्या चर्चलाच येत नाहीत. तो दोष त्या ताईंच्या कमी विश्वासाचा नाही, आपला आहे. आमच्याकडं पाळक साहेब बरे होऊन आल्यावर त्यांनी काय केलं सांगते. दर बुधवारी रात्री फोन करायचे, रविवारचा उतारा मी त्यांना फोनवर वाचून दाखवायची, जिथं अडेल तिथं ते शब्द फोडून सांगायचे, अर्थ सांगायचे. मग त्यांनी उताऱ्याचं स्वतःच्या आवाजात रेकॉर्डिंग करून व्हॉट्सअॅपवर पाठवायला सुरुवात केली, ते मी मशीन चालवताना ऐकते. याला खर्च काय आला, काहीच नाही. आणि ज्या पोरानं छत्री धरली होती तो आता शास्त्रवाचन करतो, मी बोध करते, दोघांनी वाटून घेतलंय. तो बारावीला आहे, मला वाटतं एक दिवस तो सेमिनरीला, म्हणजे पाळक व्हायचं शिकायला, जाईल, पण ते त्याचं आणि देवाचं, मी त्याला मध्ये बोलत नाही.

आणखी एक, कारण काही वाचकांच्या मनात येईल की मग काय कुणीही उठावं आणि मला पाचारण झालंय म्हणावं का. नाही. असेही लोक मी बघितलेत, ज्यांना माईक पाहिजे असतो, मग ते आजाऱ्याच्या गोळ्या बंद करायला सांगतात, प्रार्थनेनं बरं करतो म्हणतात. आपली लायकी नाही असं वाटणं काही वेळा बरोबर असतं, ज्या कामाला डॉक्टर लागतो तिथं मी डॉक्टरकडंच पाठवते आणि मग प्रार्थना करते. फरक कसा ओळखायचा याचं पुस्तकी उत्तर मला येत नाही. माझ्या बाबतीत एवढंच घडलं की मला ते नको होतं, दुसऱ्यांनी सांगितलं, एकानं नाही अनेकांनी, काम डोळ्यासमोर खरंखुरं पडलेलं होतं, आणि त्यातून मला एक रुपया किंवा मानपान मिळणार नव्हता. एवढं जुळत असेल ताई, तर माझ्या मतानं तुम्ही विचारत बसू नका.

तुम्ही लिहिलंय की देवाचा अपमान होईल. मलाही तसंच वाटायचं आणि मी त्याला नम्रपणा समजत होते. पण तीन वर्षं मी नम्र राहिले त्या तीन वर्षांत आमच्या वस्तीवर दोन मयती अशा झाल्या जिथं कुणी काही वाचलं नाही, एक बाळंतीण दवाखान्यातून मोकळ्या हातानं परत आली आणि तिच्याजवळ बसून कुणी प्रार्थना केली नाही. ती माझ्या घरापासून चार घरं सोडून राहते. मी गेले नव्हते, कारण मला वाटलं मी काय बोलणार. हे मला अजून खुपतं. आता मी तिच्याकडं जाते, पण तेव्हाची ती संध्याकाळ मी तिला परत देऊ शकत नाही.

दारात बोलले होते ते गृहस्थ अजूनही माझ्या उपासनेला बाहेर पारावर बसून राहतात. आत येत नाहीत, पण घरीही जात नाहीत. मी आवाज जरा मोठा ठेवते.

वाचन माझं अजून हळूच आहे. या रविवारी यशयाचा सहावा अध्याय आलाय, त्यात सराफीम म्हणजे सहा पंखांचे देवदूत आहेत, इंगळ आहे, आणि "हा मी आहे, मला पाठव" ती ओळ आहे. काल बुधवार होता, फोनवर दोनदा वाचून झालं, एका ठिकाणी अजून अडते. ताई, तुमच्याजवळ कोण आहे ते एकदा बघा, छत्री धरणारं, भजन धरणारं, एखादी म्हातारी, एखादं पोर. कुणी नसेल तर याच पानावर परत दोन ओळी लिहा, तुमच्या गावाचं नाव तेवढं टाका. आमच्या पाळक साहेबांची मोटारसायकल पाच गावं करते, सहाव्या गावाला कसं जायचं ते आम्ही बघू.

आपली एक वाचक,
राहुरी तालुका, जि. अहिल्यानगर